नवस घाईत फेडला

१२ फेब्रुवारी, गुरुवार. नांदेड

आज मनीचा पाय हालला. आधी हेच लिहिते, बाकी मागून.

दवाखान्यात शेख मॅडमनं तिच्या मांडीवर चार चिकट पट्ट्या लावल्या, पट्ट्यांच्या वायरी मशीनच्या डब्याला जोडल्या आन बटण हळूहळू फिरवलं. आधी मांडीचं मांस थरथरलं, माशी बसली की बैलाचं कातडं थरथरतं तसं. मंग गुडघा सरळ झाला! खुर्चीवर बसल्या बसल्या पाय समोर ताठ. पिकअपनं उडवल्यापासून तो पाय मीच उचलून इकडचा तिकडं ठेवायले, ओंडक्यावानी. मी वरडलेच. बाजूच्या खाटंवरचं म्हातारं दचकून उठून बसलं. त्याला वाटलं कुणीतरी गेलं.

म. पंख्याकडं बघत होती. (मनीषा लिहायला हात दुखतो, म. च लिहीन.) म्हणली, "मी न्हाई उचलला आजी. मशीननं उचलला."

मी म्हणलं, "पाय कुणाचा हाय मंग? मशीनचा का?"

ती परत पंख्याकडं बघायली.

इथं खोली केलीय त्या गल्लीत घरोघर पेढे दिले. घरमालकीण म्हणली कुणाला पोरगा झाला का काय. मी म्हणलं त्याच्यापेक्षा मोठं झालं. गावाकडं सुनंला फोन लावला. सुरेखा नुसती नाक वढायली. आईच ती. म्हशी सोडून येता येत न्हाई, लेकीचा पाय हाललेला फोनवर ऐकायचा.

चौथी शिकलेली मी, पण आज पान पुरलं न्हाई.

१५ फेब्रु., रविवार. महाशिवरात्र

उपास. भगर खाली लागली, फोनच्या नादात. सकाळपासून गावाकडचे फोन. पारूबाई, पारूबाईची सून, किराणावाला. ह्यांना कसं कळलं म्हणून म. माझ्याकडं बघायली. मी सांगितलं. चोरी हाय का.

काल मॅडमनं माझ्या हाताला पट्टी लावून दाखवली. "मावशी, तुमीच बघा ना, कैसा लगता." आधी मुंग्या आल्या. मंग बोटं आपोआप मिटायली. माझीच बोटं, मी म्हणते उघडा, ती मिटतेत! हसून हसून पदर खाली गेला. म. बी हसली, लई दिवसांनी.

मंग म्हणली, "दुसऱ्याचा हात वाटला ना?"

हाव म्हणलं.

"तुला मुंग्या तरी आल्या आजी. मला तेवढंबी न्हाई."

करपलेली भगर तशीच खाल्ली.

२४ फेब्रु., मंगळवार

रुक्मिणचा फोटो आला म.च्या फोनवर. पोलीस भरतीचं ग्राउंड काढलं पोरीनं. दोघी मैत्रिणी संगं पळायच्या पहाटं, चाकूरच्या रस्त्याला. त्या दिशी रुक्मिणला ताप होता म्हणून म. एकटी गेली. गाडीवाला कोण होता ते आजपातूर कळलं न्हाई. जेवत असंल कुठंतरी बसून.

फोटोत पोरगी छातीवर नंबर लावून उभी, दात काढून. म.नं "अभिनंदन" लिहिलं आन फोन पालथा ठेवला.

मी म्हणलं, तूबी पळशील बघ.

"आजी, एक दिवस तरी गप ऱ्हा."

न्हाई जमत मला. भाकरी थापताना बोलते, कुणी नसलं तर म्हशीसंगं बोलते. आमचे हे म्हणायचे, हिला तिरडीवर बांधली तरी खांदेकऱ्यासंगं गप्पा हाणील. स्वतःच आधी गेले.

३ मार्च. होळी

पुरण न्हाई घातलं. दोघींसाठी कोण वाटील, असं म.ला सांगितलं. खरं वेगळंच हाय. जड खाल्लं की तिला मोरीत न्यायला, साफ करायला मीच लागते, आन ते तिच्या मनाला लई लागतं. तोंड भिंतीकडं करती. मी तेव्हा मुद्दाम गप्पा मारते, गावच्या, म्हशीच्या, कुणाच्या लग्नात काय झालं त्याच्या. म्हणजे तिला वाटू नये. तिला वाटतंच.

९ मार्च, सोमवार

उभी राहिली!!!

दोन्ही बाजूला लोखंडी दांड्या, मधी म. दोन्ही मांड्यांना पट्ट्या. मॅडम म्हणली चलो, बटण फिरवलं, आन पोरगी उठली. माझ्यापेक्षा उंच हाय, इसरलेच होते मी. इतके दिवस वरून बघायले तिला. आज मान वर करून बघावं लागलं.

लातूरच्या दवाखान्यात नळ्या लावून पडली होती तवाच मी देवीला बोलले होते. आई, माझ्या मनीला उभी कर, गावात तुझा गोंधळ घालते. केली की उभी!

मॅडमनं मला बाजूला घेतलं. "मावशी, नीट ऐका. मशीननं उभी केलीय. बटण बंद केलं की गुडघे जातेत." मंग समजून सांगितलं. मेंदूचा निरोप पाठीच्या कण्यातून पायाला जातो. मार बसला तिथं वाट बंद झालीय. पण म.ची पुरी बंद न्हाई, बारीक फट ऱ्हायलीय असं मॅडमला वाटतं. मशीन बाहेरून निरोप देती, रोज रोज, म्हणजे पाय काम इसरत न्हाई. मंग त्या फटीतून म.चा स्वतःचा निरोप कधी पोचला तर पोचला. न पोचलाबी.

मंग मॅडमनं म.ला इचारलं, तुला काय पाहिजे. म्हणली, "चालायचं न्हाई म्हणत मी. खाटेवरून उठून खुर्चीत बसता आलं पाहिजे. मोरीत एकटीनं जाता आलं पाहिजे. बस."

मला बाई एवढंच ऐकू आलं, उभी राहिली.

११ मार्च

सुरेखा म्हणती थांबा, घाई नका करू. मी म्हणलं देवीला उभी कर म्हणले होते, कशानं कर ते म्हणले न्हवते. तिनं मशीननं केली. बोलल्यावर द्यायला उशीर केला तर कोप व्हतो. सुरेखा म्हणली, "तुमच्यापुढं कोण बोलावं मामी."

गोंधळ ३१ तारखेला, मंगळवारी. गोंधळ्याला निरोप दिला.

म. म्हणली, "माझ्या नावानं घालू नको."

"मंग कुणाच्या नावानं घालू? माझ्या?"

"घाल की. तूच म्हणायलीस उभी राहिली. मी कुठं राहिले?"

पोरीची जीभ लई कडू झालीय. कडूनिंबाची दातवण चावल्यावानी.

२७ मार्च, शुक्रवार

उद्या गावाकडं. मॅडमनं बारकी मशीन संगं दिली, सवय मोडू नये म्हणून. सांगितलं की बसूनच लावायची, उभं करायचं न्हाई. कातडं धुऊन कोरडं करायचं, तेल पावडर काही न्हाई, मंगच पट्टी. काढली की कातडं नीट बघायचं, कारण तिला चटका कळत न्हाई. म.नं ऐकलं. मीबी ऐकलं, मान हालवली.

नवी साडी घेतली तिला, हिरवी.

२९ मार्च. गाव

घर माणसानं भरलं. दत्ता पुण्याहून आला, लेकीजवळ बसला, काय बोलावं कळंना तर तिची खुर्चीच पुसत बसला, चाकं चकचकीत केली. बाया येतेत, म.शी बोलतेत तोंडाकडं बघून न्हाई, पायाकडं बघून. चहा पितेत आन वाट बघतेत.

वसंत भावजीला बोलवावंच लागलं. सख्खा दीर, न्हाई कसं म्हणावं. आल्या आल्या, "काय वैनी, सर्कस किती वाजता?"

३१ मार्च, मंगळवार

गोंधळ आज. पुरणाला माणसं कमी पडायलीत. संध्याकाळी बाकीचं लिहीन.

१ एप्रिल

लिहू वाटत न्हाई.

३ एप्रिल, शुक्रवार

लिहिते. न लिहून जातं कुठं.

दुपारी पाच सवाशिणींनी म.ला हळद लावली. देवीपुढं नवसाचं माणूस हळदीशिवाय बसवत न्हाईत आमच्यात. हळद तेलात कालवलेली. बायांनी तोंडाला, हाताला लावली. पायाला मी लावली. म्हणलं, जे पाय उभे राहिले त्याचा मान पयला. गुडघ्यापासून मांडीपातूर चोळली, बाळ असताना चोळायचे तशी. म. म्हणली, "आजी, तेल नको तिथं. मॅडम काय म्हणल्या?" मी म्हणलं, "देवीचं हाय, न्हाई म्हणू नको."

दिवस मावळताना दिवटी पेटली, संबळ वाजायला लागला. अंगण माणसानं भरलं. सगळे म्हणायले उभी करा, उभी करा. म. न्हाई म्हणली. मी पाया पडले तिच्या. खरंच पडले, सगळ्यादेखत. मंग लावा म्हणली.

तेलावर पट्ट्या चिकटंनात. एक कड धरली की दुसरी सुटती. मी जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आन मांडीला करकचून बांधल्या. वरून साडी. दत्तानं आन सुरेखानं बगलंत धरलं. जोर येईना म्हणून बटण मी वाढवलं. आजून वाढवलं.

उभी राहिली. गोंधळी वरडला उदो, लोकं वरडले उदो. माझं ऊर भरून आलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात वसंत भावजी वट्यावरून म्हणले, मोठ्यानं, "आम्ही शाळेत शिपाई होतो तवा बघितलंय हे. करंट दिला की मेलेलं बेडूकबी तंगडी झाडतंय."

कोण हसलं, कोण न्हाई. म.नं ऐकलं. तिनं वसंत भावजीकडं न्हाई बघितलं, माझ्याकडं बघितलं. मंग गुडघे गेले.

माणसं जेवायला बसल्यावर आत नेऊन चिंधी सोडली. पट्टीच्या एका कडंखाली कातडं भाजलं होतं. भाकरी करपल्यावर डाग पडतो तसा डाग, मधी फोड. म. म्हणली, "काय झालं? कामून गप झालीस?"

तिला कळलंच न्हवतं. तेवढा वेळ जळत होतं आन तिला कळलंच न्हवतं.

मी सांगितलं. तिनं बोटानं फोडाला हात लावून बघितलं, दुसऱ्याच्या मांडीला लावावा तसा.

बाहेर लोकं म्हणायले पुरण झकास झालंय.

६ एप्रिल, सोमवार. नांदेड

मॅडमनं बघितलं आन हातातलं पेन खाली ठेवलं. कसं झालं इचारलं.

म. म्हणली, "मीच लावली. पट्टी सुटली होती, कळलं न्हाई."

पट्ट्या पिवळ्याधमक. वायरीबी पिवळ्या. मॅडमनं त्या हातात घेऊन बघितल्या, मंग माझ्याकडं बघितलं. "मावशी…" म्हणली, आन पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जखम भरूपातूर मशीन बंद. पाय तोवर ढिले पडतील, केलेलं बरंचसं मागं जाईल म्हणली.

घरी येताना मी म्हणलं, कामून खोटं बोललीस. म. म्हणली, "तुझ्यासाठी न्हाई. मला आजून बोलणी ऐकायची न्हवती."

१३ एप्रिल

बोलत न्हाई माझ्याशी. "पाणी." "खिडकी." "झालं." एवढंच. मी गप्पा मारते तर फोनची वायर कानात घालती.

ऊन लई. पत्रा तापतो. वल्या चादरी टांगल्यात दारात.

१६ एप्रिल, गुरुवार

सुरेखाचा फोन. उदगीरकडून स्थळ आलं म.ला! पयल्यांदा मी खूश झाले, गाढवीण. मंग कळलं, त्या लोकाला वाटतं म. चालती. गोंधळ झाला म्हणजे झालीच बरी, नवस कुणी आधी फेडतं का. इचारायले किती चालती, काठी लागती का, सैपाकाला उभी राहती का.

सुरेखा रडायली, काय सांगू म्हणून. म.नं माझ्या हातातून फोन घेतला. "आई, त्यांना सांग पोरगी चालत न्हाई. गोंधळ आजीनं घातला, मी न्हाई घातला."

फोन माझ्या हातात दिला परत. अदबीनं दिला, परक्या बाईला द्यावा तसा.

२२ एप्रिल, बुधवार

जखम भरली. मॅडमचा निरोप आला, या म्हणून. म. जात न्हाई.

"कशाला? बेडकाची तंगडी कशाला हालवायची? गोंधळ झालाय की माझा."

मी खुर्ची दारापातूर आणली. तिनं चाकं धरून ठेवली. हातात ताकद लई हाय तिच्या. मी वढायले, ती धरायली, घरमालकीण दारात येऊन उभी. सोडून दिलं मी.

देवीच्या फोटोला आज दिवा न्हाई लावला. लावला तर काय म्हणू तिला? मी दिलं तुझं, तू काय दिलं? आन ती म्हणली मी कुठं मागितलं होतं, तर? वसंत भावजीला तर मी तोंड दाखवणार न्हाई आता. पण त्यांनी चटका न्हाई दिला. बटण माझ्या हातात होतं.

२७ एप्रिल, सोमवार

सकाळी म. खाटेवरून खुर्चीत जायला बघत होती, एकटी. मी भाकरी करायले, पाठ होती. पडली. मी धावले तर म्हणली, "थांब. हात लावू नको." जमिनीवरच बसून राहिली बराच वेळ. मीबी बसले खाली तिच्याजवळ. तव्यावरची भाकरी जळाली. वास घरभर.

म. म्हणली, "जाईन मी दवाखान्यात. पण माझं ऐकायचं."

हाव म्हणलं.

"तू आत यायचं न्हाई. बोलवलं तर यायचं, पण तोंड उघडायचं न्हाई. पाय हालला काय, न हालला काय, कुणाला सांगायचं न्हाई. आईलाबी न्हाई. पेढे न्हाई, फोन न्हाई, नवस न्हाई. देवीलाबी सांगायचं न्हाई."

"देवीला कसं न सांगू गं?"

"तिला दिसतंय की."

शब्द दिला. हातावर हात ठेवून दिला. तिनं हात वढून न्हाई घेतला, तेवढंच.

२९ एप्रिल

बाहेरच्या बाकड्यावर बसले. आत मशीनचा आवाजबी येत न्हाई. बाजूला एक बाई, देगलूरची, नवऱ्याला आणलेलं. म्हणली तुमचं कोण हाय आत? नात म्हणलं. कसं हाय म्हणली. तोंडात आलं होतं सगळं, पिकअपपासून. मी म्हणलं, "पाणी कुठं मिळतं हो इथं?" मला माहीत होतं कुठं मिळतं.

८ मे, शुक्रवार

सुरेखा रोज इचारती. काय म्हणली मॅडम, काय फरक हाय. मी म्हणते ऊन लई हाय. काल म्हणली, "मामी, तुमाला बरं न्हाई का? तुमी अशा न्हवता." पारूबाईचाबी फोन, चालती का आता? म्हणलं म्हैस कशी हाय तुझी. म्हशीचं अर्धा घंटा बोलली, बरी हाय बिचारी.

म.चा चेहरा बघून काही कळत न्हाई. आत जाती तशी बाहेर येती. घामानं भिजलेली. मी इचारत न्हाई. तोंडात जीभ वळवळती नुसती, रात्री दात दुखतेत.

पण काल तिनं कानातली वायर काढली आन म्हणली, "ते सांग की. कुणाच्या लग्नात बँड पळून गेला होता ते." दहा डाव ऐकलेलं हाय तिनं. सांगितलं.

२१ मे, गुरुवार

मॅडमनं आत बोलवलं मला. म.नंच बोलव म्हणलं होतं. मागं खुर्ची धरून न बोलता उभं राहा, मॅडम म्हणली.

म. दांड्याच्या मधी, मशीन चालू, उभी. मॅडम म्हणली, "आज मैं बटण कम करत जाणार. एकदम झिरोपर्यंत. मनीषा, तू सोडायचं न्हाई. देखते हैं, मशीनचं किती आन तुझं किती." मला म्हणली, "मावशी, गुडघे गेले तर खुर्ची पुढं सारा. उसके पहले नहीं."

मी खुर्चीच्या मुठी धरल्या. म.ची पाठ माझ्याकडं. वेणीतून घाम गळायला.

मॅडमनं बटण फिरवायला सुरुवात केली. मागं, मागं. आकडा उतरायला. मंग शून्य.

पुढचं लिहीत न्हाई. ह्या वहीतबी न्हाई. शब्द दिलाय.

येताना गल्लीत म. म्हणली, "आजी, डोळे पूस. लोकं बघायलेत."

घरी आल्यावर भाकरी केली. दिवा लावला आज. देवीला काहीच बोलले न्हाई, नुसता लावला.

सुरेखाचा फोन आला. "काय म्हणली मॅडम, मामी?"

म. माझ्याकडं बघायली.

मी म्हणलं, "ऊन लई हाय बाई नांदेडला."